तीनशेतीस ओहम, एक वॅट

टॉडमॉर्डनला ऑक्टोबरात दव सातलाच उतरतं,
कालव्यावरून, बंद गिरणीच्या धुराड्याला वळसा घालून,
आणि माझ्या दुर्बिणीच्या भिंगावर येऊन बसतं
चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखं.

म्हणून भिंगाभोवती ऊब देणारं कडं करायचं ठरवलं.
बारा रेझिस्टर समांतर, तीनशेतीस ओहमचा एकेक,
गाडीच्या जुन्या बॅटरीचे बारा व्होल्ट.
पाकीट मागवलं स्वस्तातलं: शंभर नग, पाव वॅट.
पाव, अर्धा, एक, दोन.
मला वाटलं, ही मापं भाजीवालीच्या तागडीतली,
थोडं इकडेतिकडे चालतं.

चाललं नाही.
दहा मिनिटांत रंग करपल्याचा वास.
कापड उलगडून एकाच्या पट्ट्या पाहिल्या.
सकाळी होत्या नारिंगी, नारिंगी, तपकिरी.
आता तिन्ही तपकिरी.
वाचायला गेलं तर एकशेदहा.
सोसता सोसता त्यानं
नावसुद्धा बदललं होतं.

शेजारचा विल्फ्रेड ग्रीनहॉल कुंपणाशी, हातात चहा.
बेचाळीस वर्षं लोकांचे टीव्ही उघडले त्यानं.
“बाराचा वर्ग?” त्यानं विचारलं,
दुकानदार सुटे मागतो तसं.
एकशे चव्वेचाळीस.
“भागिले तीनशेतीस.”
गॅसच्या बिलामागे भागाकार केला,
पॉइंट चव्वेचाळीस.
“आणि तू आणलेस पाव वॅटचे.”

मग अर्ध्याचे आणू?

त्यानं कप खांबावर ठेवला.
अर्धा पुरतो, म्हणाला, कागदावर.
पाकिटावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो.
तू त्यांना कापडात गुंडाळणार, वरून टेप मारणार,
बारा जण खेटून, वारा कुठून लागायचा?
येईल त्याच्या दुप्पट धर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला पाठ.
इथे आधी पाय मोजायचे,
मग अंथरूण घ्यायचं, वर हातभर जास्त.
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात रात्रपाळी धरली तेव्हा
कुणी हे सांगितलं असतं तर
असो.

त्याच्या तंबाखूच्या डब्यात एक वॅटचे निघाले.
माझे गव्हाच्या दाण्याएवढे,
हे भिजलेल्या शेंगदाण्याएवढे, ठोंब्या पायांचे,
वाकवायला पक्कड लागली.
पण होते अकराच.
बाराव्याच्या जागी त्यानं दोन अर्धेवाले जोडले
शेजारी शेजारी, सहाशेऐंशी ओहमचे.
“तीनशेचाळीस होतात, भिंगाला कळत नाही.
ओझं मात्र निम्मं निम्मं.”
डाग देताना, मान वर न करता, म्हणाला,
“ईनिडसाठी सोमवारपासून रात्रीची बाई येते.
आता आम्ही दोघं आहोत तिच्याकडे बघायला.”
कथलाचा धूर सरळ वर गेला.
मी काही बोलले नाही, तार धरून राहिले.

शनिवारी कडं चढवलं.
अर्ध्या तासानं हात लावून पाहिला:
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाएवढं कोमट.
कुठे करपल्याचा वास नाही.
बाकी सगळं ओलं, खुर्ची, गवत, माझी वही, विल्फ्रेडची टोपी,
भिंग तेवढं कोरडं.

पावणेनऊला लँकशरच्या बाजूनं ढग आले
आणि शनी गेला.
विल्फ्रेड हसला, थर्मासचं झाकण फिरवलं.
वर ईनिडच्या खिडकीत दिवा होता,
पडद्यामागे कुणीतरी उशी सारखी करत होतं.
मी बॅटरी काढली नाही.