नख

दुपारी विडी घरकुलात आशाताई आली, सिद्धव्वा,
म्हणाली, मागाची एक रिकामी कांडी द्या गं.
तिला वाटलं, आम्ही लाजू.
राजमणीने चार आणून पुढ्यात टाकल्या
आणि तेलुगूत जे बोलली
ते मराठीत सांगता येत नाही.
सुपातली पानं हसण्याने उडाली.

मीही हसले. पण बघत होते.
पाकिटाची कड तिने चिमटीने फाडली, दातांनी नाही.
टोक दाबून हवा काढली,
मग गुंडाळी उलगडत नेली पार बुडापर्यंत.
उलटी लागली तर फिरवून घालायची नाही,
टाकायची. दुसरी.
मनात म्हटलं, यांना जमेल.
बारा वर्षं मागावर आहेत,
कापडाची सुलटी बाजू अंधारात बोटांना कळते.

धाकटीच्या वेळी सिव्हिलला गेलेलं रक्त
अजून अंगात परत आलेलं नाही.

रात्री त्यांनी निरोध काढला
पँटच्या मागच्या खिशातून.
मे महिना, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
आणि दिवाळीपासून त्यावरच बसलेले.
तारीख बघितली. तीही गेलेली.
हा मेला, म्हटलं,
आणि माठामागच्या फळीवरून नवा घेतला.

हात खोबरेलाच्या बाटलीकडे गेला.
तेल मागाला घाला, रबराला नाही.
"शिकून आलीस?"
शिकून आले.

मग ते थांबले. स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
वंगण रेघारेघांत मुरलेलं.
उठून मोरीत गेले.
दोनदा साबण लावल्याचा आवाज आला.
जेवायला बसतानाही एकदाच लावतात.

नंतर म्हटलं, झोपू नका तसेच,
कड धरा, आणि आत्ताच बाजूला व्हा.
झाले.
गाठ मारली त्यांनी, विणकराची,
तुटलेल्या धाग्याला मारतात ती, बारीक आणि पक्की.
कागदात गुंडाळून डब्यात टाकला.
बाहेर कुणाचा तरी माग चालूच होता.

एक सांगायचं राहिलं.
उजव्या अंगठ्याचं नख मी संध्याकाळीच कापलं होतं,
विडीचं तोंड मिटवायचं नख,
लग्नाआधीपासून वाढवलेलं.
त्याची धार मला माहीत होती.

सकाळी कारखान्यात चेकरने मोजल्या.
"आज सत्तर कमी?"
नख गेलं, म्हटलं.
"जपून करावं जरा."
म्हटलं, तेच तर केलं.