पाटात जिरलेलं

जाम चौकाच्या पुढे, कांढळीच्या फाट्यावर
इस्तारी नन्नावरेचं वाइंडिंगचं दुकान.
मे महिना. टिनाखाली त्रेचाळीस की सेहेचाळीस, कोण मोजतं.
नागपूरच्या लिलावातून टेम्पोनं आली ती पेटी:
कधीकाळी वीजबिलं काढणाऱ्या कॉम्प्युटरचा
पुरवठ्याचा कप्पा.
कॉम्प्युटर नाही. नुसता त्याला भरवणारा हात.

चौघांनी ट्रान्सफॉर्मर उतरवला, तरी टेम्पो
बराच वेळ डुलत राहिला.
मग लोट्याएवढे कपॅसिटर, बारा.
मग मनगटाएवढी रुंद तांब्याची पट्टी.
"एवढं तांबं," मी म्हणालो, "किती व्होल्टसाठी?"
पाटीवर कोरलं होतं: पाच.

पाच. जिभेला लावलं तर जेमतेम आंबट.
पण अँपिअर तीनशे.

इस्तारीनं पाटी फडक्यानं पुन्हा पुसली,
खडू घेतला, दाराच्या फळीवर मांडायला लागला.
आत आली इतकी.
ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वजा. डायोड वजा.
आणि हे पंखवाल्या ॲल्युमिनियमवर बसलेले ट्रान्झिस्टर,
यांचं काम एकच:
जास्तीचे व्होल्ट धरून ठेवायचे, जाळायचे,
रात्रंदिवस,
पाचाचे सव्वापाच होऊ नयेत म्हणून.
"यिहिरीतून शंभर बाल्ट्या काहाडल्या," तो म्हणाला,
"वाफ्यात पोचल्या चाळीस. बाकीच्या पाटातच जिरल्या."
त्या चाळीसही शेवटी तापच.
तो ताप उपसायला वेगळा एसी.
त्याची वीज फळीत मावली नाही,
खडू चौकटीवर चढला.

"बेरीज कायची करे हे?"
"आपल्याच बिलांची."
तो हसला नाही.
त्याला सत्त्याऐंशीचं बिल आठवत होतं,
मीटर बसायच्या दोन महिने आधी आलेलं,
पैशापर्यंत बरोबर.

तांबं वजनावर हिंगणघाटला गेलं.
कोअर ठेवला, वेल्डिंगच्या मशीनला होईल म्हणून.
दोन कपॅसिटर लटारू कुडमेथेचा पोरगा घेऊन गेला,
कशाला ते सांगितलं नाही.

पंखवालं ॲल्युमिनियम अंगणातच राहिलं.
दुपारी लाइन गेलेली.
इंदूबाई त्यावरचं मुगवड्याचं ताट उचलायला गेली
आणि हात झटकत मागे सरली.
"बंद हाय न हे?"
आतून, अंधारातून, इस्तारी:
"बंदच हाय व.
सवय नाही गेली त्याची."