दोन सीसी

मुंजाजी दुधाटे रात्री सव्वादोनला येतो.
जालन्याच्या सिव्हिलची कुत्रीसुद्धा
आता त्याच्यावर भुंकत नाहीत.
उजवी कूस धरलेली, कमरेत वाकलेला,
रॅम्प चढताना मात्र सरळ.
हे मी खिडकीतून पाहिलंय,
आणि मी पाहिलंय हे त्यालाही ठाऊक आहे.

"मुतखडा, सिस्टर. जीव चाललाय."
सोनोग्राफी दोनदा झाली. खडा नाही.
लघवीच्या बाटलीत एकदा लाल थेंब निघाला;
डाव्या करंगळीला टाचणीचं भोक होतं.
साधी गोळी सोसत नाही,
डायक्लोनं म्हणे अंगभर गांधी उठतात.
चालतं ते एकच. त्याचं नाव तो अर्धंच घेतो,
"ते... पेंटा का काय ते,"
जसा जुना नवरा चारचौघांत
बायकोचं नाव टाळतो.

बॉन्डवर आलेली डॉक्टर तहसीन हळूच विचारते,
"सिस्टर, खरंच दुखत असेल तर?"
मी म्हणाले, बावीस वर्षं झाली कॅज्युअल्टीत,
खऱ्या दुखण्याचा मला वास येतो.
थाप होती.
मला फक्त फिनाइलचा वास येतो.

म्हणून मी पाणी द्यायची.
डिस्टिल्ड वॉटर, दोन सीसी, कमरेत, सावकाश.
केसपेपरवर काही लिहायचं नाही.
पाच मिनिटांत कण्हणं थांबायचं
आणि मी मनात म्हणायची, पकडला.

परवा तो कुशीवर वळून म्हणाला,
"सिस्टर, आज पाणी लई गार हाये.
फ्रीजमधलं देता का?"

सुई हातात तशीच राहिली.
कधीपासून माहितेय तुला?
"पहिल्यापासून. त्या औषधाला धग असती,
आतून गूळ पाघळल्यावानी.
पाणी निसतं चावतं."
मग काहून येतो रे?

बोलला नाही. पॅन्ट वर सरकवली.
रोलिंग मिलमधली लालभडक सळई
मांडीतून आरपार, तीन वर्षांपूर्वी,
पोळ्याच्या आदल्या दिवशी.
चेहरा नव्हता आठवला मला कधी.
जखम आठवली.
बेड नंबर नऊ. एकोणीस दिवस, दर सहा तासांनी.
"सिस्टर, या की," म्हणायचा, आणि मी जायची.
चार्टवर सगळ्या सह्या माझ्या.
घरी सोडताना त्याला कुणीच सांगितलं नाही
की अंग आता हे मागत राहील.
साहेब राउंडला होते.
मी मोजत होते
किती चादरी परत आल्या.

त्या रात्री नाही म्हणाले. पाणीसुद्धा नाही.
स्टूल ओढून बसले.
खडा नाही, हे तुला माहीत.
औषध नव्हतं, हेही तुला माहीत.
मंगळवारी बारा नंबरला मनाचे डॉक्टर असतात,
चिठ्ठी देते, ये.

त्यानं शिव्या दिल्या. मिलच्या आवाजावर
ऐकू जाव्यात अशा.
ट्रे उडवला. वॉचमन धावला, मी हातानं थांबवला.
शिव्या देताना कूस धरायची राहून गेली होती.
मग जांभया सुरू झाल्या, एकामागून एक,
नाक गळायला लागलं, घाम,
हाताचे केस उभे.
ह्याला टाचणी लागत नाही.
तहसीननं त्याची नाडी धरली
आणि मिनिट संपलं तरी सोडली नाही.
नंतर केसपेपर ओढून
जे होतं ते लिहिलं.
पंधरा ओळी. मी मोजल्या.

उजाडायच्या आत गेला.
चिठ्ठी खिशात गेली की कचऱ्यात, पाहिलं नाही.

मंगळवारी ड्युटी नव्हती, तरी
बारा नंबरवरून दोनदा गेले.
बाकावर एक म्हातारी,
एक शाळेच्या गणवेशातला पोरगा, आईचा पदर धरून.
रात्री फ्रीजमधले पाण्याचे ॲम्प्यूल
बाहेर काढून ठेवले. काहून, विचारू नका.

सव्वादोनला कुत्री भुंकली नाहीत.
त्यावरून काहीच कळत नाही.