सबब

हलच्या विद्यापीठातून नदी दिसत नाही,
तिच्यावरून आलेला वारा तेवढा कळतो,
कानात, आणि वहीची पानं धरून ठेवताना.

पहिल्याच तासाला मी हात वर केला,
संविधान कुठल्या पानावर आहे?
आमच्याकडे पुस्तक उघडलं की समोर उद्देशिका यायची,
गणिताच्या पुस्तकातसुद्धा.
कंटाळा आला की आम्ही तिच्यातल्या
'व'ची, 'ठ'ची पोटं पेननं भरत बसायचो.

प्रॉबर्टबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
एका पानावर नाही.
थोडं कायद्यांत आहे, थोडं निकालांत,
आणि बरंचसं 'असं करायचं नसतं' यात.
बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, माझ्या ओठांवर आलं.
इंग्रजीत ते फारच भीषण झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात राजाची सही आली.
राजा नाही म्हणू शकतो का?
शकतो.
मग म्हणत का नाही?
म्हणत नाही, म्हणून.
वर्ग हसला. मला मात्र एकदम आमचं घर कळलं.
आत्याच्या समोर कुणी पगाराचा आकडा काढायचा नाही,
काकांच्या खुर्चीवर काका नसतानाही बसायचं नाही.
कुठे लिहिलं होतं?
आणि मोडलं असतं तर
कुठल्या कोर्टात गेलो असतो आम्ही?

हे सगळं मी स्टॅन ऑग्लीला सांगायची.
न्यूलँड अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत तो माझा शेजारी,
बावीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर,
गुडघे आइसलँडच्या बाजूला कुठेतरी ठेवून आलेला.
गाडी दाराशी लावायला निळा बिल्ला हवा होता त्याला.
कौन्सिलचं पत्र आलं, दीड ओळीचं.
आपण निकषांत बसत नाही.

मी ते पत्र उलटं करून पाहिलं.
मागे काहीच नव्हतं.

असं पत्र मला ओळखीचं होतं.
उमरखेडच्या पंचायत समितीत बाबा टंकलेखक.
उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्या टेबलाखाली बसून
कार्बन पेपरच्या होड्या करायची, आणि वरून ऐकू यायचं,
खट् खट् खट्, सबब अर्ज नामंजूर.
सबब म्हणजे म्हणून.
सबब म्हणजे कारणसुद्धा.
एकाच शब्दात दोन्ही उरकलेलं.

कारण देणं इथे सरसकट बंधनकारक नाही,
प्रॉबर्टबाईंनी फळ्यावर लिहिलं,
पण न दिल्यास न्यायालय कधीकधी भुवई उचलतं.
'कधीकधी'च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

त्या रात्री आम्ही स्टॅनच्या स्वयंपाकघरात पत्र लिहिलं.
त्याला त्यात शिव्या हव्या होत्या.
मी त्या एकेक करून काढल्या,
एक राहू दिली, फार जुनी होती,
कुणाला कळली नसती.

रविवारी बाबांना फोन केला.
विचारलं, सबबच्या वर काय असायचं?
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, साहेब सांगतील ते.
साहेब काही सांगायचे नाहीत.
मी वर दोन ओळी कोऱ्या सोडायचो, मनाने.
एकदा बोलणीही खाल्ली, कागद वाया जातो म्हणून.

मी काही बोलले नाही.
चौदा हजारांचं कर्ज काढून ज्या विषयाची
मी इथे पहिली सहामाही शिकत होते,
तो त्यांनी जागा सोडून सोडून
तीस वर्षं केला होता,
आणि त्याबद्दल कुणी त्यांना एक गुणही दिला नव्हता.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं.
नकारच. पण या वेळी खाली कारण,
अर्जदार ऐंशी मीटर न थांबता चालू शकतो.
ऐंशी? स्टॅन म्हणाला. कुणी मोजले?
त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच
लढाईला उभं राहायला जमीन मिळालेला माणूस पाहिला.

शेजारच्या सुताराची टेप आणली.
गल्लीत बारीक पाऊस, डबे उलथलेले, कुत्रं मागे.
तो काठी घेऊन निघाला, मी टेप सोडत सोडत त्याच्यामागे.
एकतीसवर तो थांबला,
मिसेस डनच्या भिंतीला टेकला,
धाप गिळली आणि म्हणाला,
लिही.