तोलणाऱ्याने उचलू नये

कोपरखैरणेच्या रात्रशाळेत बाकं सातवीची,
गुडघे आमचे चाळिशीतले.
खातूबाईंनी फळ्यावर तीन चौकोन काढले,
कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ,
आणि विचारलं : तीन कशाला?
एकच माणूस नेमा, एकच शिक्का द्या,
कामं कशी पटापट होतील!

कोणीच बोलेना.
भिलारेची मान कलती झालेली,
त्याच्या केसांत लसणाची सालं.
पंखा कुरकुरत होता.

मी बावीस वर्षं वाशीच्या बाजारात पाठीवर कांदा वाहतोय.
हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला.
म्हटलं, बाई, आमच्यात
बोली लावणारा वेगळा, वाहणारा वेगळा,
आणि काट्यापाशी उभा तो तोलार वेगळा.
तोलणाऱ्याने उचलू नये, उचलणाऱ्याने तोलू नये,
आणि ज्याला माल घ्यायचाय
त्याने काट्याला बोटही लावू नये.
नाहीतर पन्नासच्या गोणीतून
तीन किलो कांदा कुठे जातो
ते कांद्यालाही कळत नाही.

वर्ग हसला. भिलारे जागा झाला.
बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या,
हेच लिहा पेपरात, असंच्या असं.

घरी जाताना मात्र उदाहरण टोचायला लागलं,
गोणीची सुतळी मानेला टोचते तसं.
कारण मी पाहिलंय
पहाटे चारला त्याच तिघांना
एका टपरीवर, एकमेकांचे चहाचे पैसे देताना.
रुमालाखाली बोटं बोटांशी काय बोलतात
तेही पाहिलंय.
फळ्यावर चौकोन वेगळे काढले
म्हणून माणसं वेगळी राहतात थोडीच.

मग आठवला तो वजनमापवाला साहेब.
फाल्गुनात आला होता डी गल्लीत,
कोणीतरी अर्ज केला होता म्हणे.
सोबत एक लाकडी पेटी,
आत वीस किलोचं सरकारी वजन, शिक्का मारलेलं.
आम्हाला वाटायचं, काटा म्हणजे शेवटचा शब्द,
काटा म्हणाला की म्हणाला.
तर काट्यालाही तोलणारं एक वजन असतं,
जे आडत्याचं ऐकत नाही, तोलाराचं ऐकत नाही,
खुद्द साहेबाचंही नाही.
साहेबाचा खांदा आखडलेला.
माझ्याकडे बघून म्हणाला,
मामा, जरा ठेवता का काट्यावर?

बावीस वर्षांत किती टन उचलले, हिशेब नाही,
सगळे दुसऱ्याचे.
ते वीस किलो मी दोन्ही हातांनी धरले
आणि सावकाश टेकवले,
झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसे.
आकडा आला : अठरा किलो आठशे.
सगळा गाळा गप्प.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर उद्देशिका आहे,
ती स्नेहल माझ्याकडून पाठ करून घेते.
मी दर वेळी एकाच शब्दाशी अडतो : स्वतःप्रत.
म्हणजे काय गं?
आपणच आपल्याला दिलेलं, अप्पा.
म्हणजे देणारा मीच, घेणाराही मीच?
मग वाहणारा कोण?
ती म्हणाली, पुढे म्हणा.

सहामाहीत प्रश्न आला, तीन गुणांचा.
मी पाऊण पान लिहिलं,
तोलार, रुमाल, पेटी, सगळं.
बाईंनी दोन दिले. समासात लाल शाईत लिहिलं :
उदाहरण उत्तम. न्यायमंडळाचे काम राहिले.

राहिलं नाही, बाई.
डी गल्लीतला तो काटा अजून सीलबंद आहे,
तारेच्या गाठीवर शिसं दाबलेलं.
आडते रोज त्याला वळसा घालून जातात.
मीही जातो, मानेवर गोणी घेऊन,
आणि जाता जाता बघून घेतो
सील शाबूत आहे का.