एका ब्लॉकला आठ कट्टे

बिराजदारांनी प्लॉटात भर टाकली,
चार फूट काळी माती, सतरा ट्रॉल्या,
आणि आमचं अंगण एका रात्रीत बशी झालं.
गेल्या साली ती माती मोरीपर्यंत आली,
चपला घेऊन गेली, जास्वंद अर्धी पुरली.
मी भांडले. आधी मराठीत, मग राग वाढला तशी तेलुगूत.
बिराजदारीण कानडीत.
कळायचं काही राहिलं नाही.

म्हणून भिंत.
सव्वीस फूट लांब, सात थर, त्यातला एक जमिनीत.
यल्लप्पा गवंडी म्हणाला, ब्लॉक एकशे चाळीस लागतील अक्का,
फुटतूट धरून.
मी भाव विचारला आणि बोटांवर मोजलं:
एका ब्लॉकला दोनशे विड्या.
पंचवीसचा कट्टा, म्हणजे आठ कट्टे.
अठ्ठावीस हजार विड्या अंगणात उभ्या राहणार,
सिमेंट, सळई वेगळी.
बिगारी परवडेना.
बिगारी मीच.

मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं त्यानं.
काळीवर काही उभं करायचं नाही, म्हणाला,
उन्हाळ्यात आ करती, पावसात फुगती,
हिचा काय भरवसा.

मालक लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चौतीस वर्षं,
मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान नेले.
आता बोलतात ते गरजेपुरतं, तेही मोठ्यानं.
तिसऱ्या थराची दोरी बांधून झाली,
यल्लप्पा खाली बसून एका डोळ्यानं बघत होता.
हे उठले. एका बोटानं दोरी छेडली.
"ढिलं हाय!"
शेजारच्या गल्लीपर्यंत गेलं असेल.
यल्लप्पा हसला. मग लेव्हलची नळी लावली.
मग हसायचं थांबला
आणि खुंटी पुन्हा ठोकली.

भिंत मातीकडं जरा कलती ठेवायची असते,
हे मला माहीत नव्हतं.
दर चार फुटांवर पाइपचा तुकडा, आरपार,
मागं खडी.
मी म्हटलं, एवढे कट्टे घालून वर भोकं पाडायची?
"मातीनं भिंत पडत न्हाई, अक्का.
मागं तुंबलेल्या पाण्यानं पडती."
आणि तंबाखू मळत बसला.

सात दिवस पाणी मारायचं, सकाळ-संध्याकाळ.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मे महिना, बारदान ओलं करून वळते
तोवर कडकडीत.
पिण्याचा पिंप अर्धा झाला,
मी तांब्यानं भिंतीला पाणी पाजत होते,
आजाऱ्याला चमच्यानं पाजावं तसं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला
वरून पाइपचं तोंड खाली आलं.
त्यांच्याकडं टँकर आला होता.
चेहरा नाही दिसला, नुसत्या बांगड्या,
हिरव्या, कोपरापर्यंत ओल्या.
पाणी भिंतीवरून उतरत गेलं,
ब्लॉक काळपट होत गेले एकेक.
"साका?" वरून आवाज.
"इंका कोंचेम," मी म्हटलं.
अजून थोडं.

रात्री सूप मांडीवर घेतलं.
बोटं सिमेंटनं खरबरीत,
तेंदूचं पान वळायच्या आधीच चरचरायचं.
सकाळी चेकरनं दोन कट्टे बाजूला फेकले.
म्हणाला, विडी ढिली आहे बाई.

मी काही बोलले नाही.
घरी येऊन भिंतीच्या हिशेबात
दोन कट्टे वाढवले.