घडीवर कापा

सलूजा मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
शरीर अर्धंच काढायचं.
खाकी कागदावर मधली रेघ,
तिच्या एका अंगाला गळा, खांदा, मुंढा, बगल,
आणि रेघेवर लिहायचं: घडीवर कापा.
उरलेला माणूस कापड आपसूक देतं.

मला हे पटलं. अर्धा कागद वाचतो,
आणि माझा पहिला मुंढा
सात वेळा चुकला होता.

अल्फियाचा फ्रेंच कर्व्ह, माझी पट्टी,
दोघींत मिळून एक ट्रेसिंग व्हील.
दातेरी चाक कागदावरून फिरतं
तेव्हा खालच्या टेबलालाही टिंबं पडतात.
आमच्या आधीच्या बॅचच्या बाह्या,
कुणीतरी घाईत सोडून दिलेली कळी
लाकडात अजून दिसते.

घरी सांगितलं, सध्या सायझिंग चालू आहे.
बाबांनी पेपर खाली केला.
"सायझिंग? ते तर आमचं खातं."
त्यांच्या मिलमध्ये सायझिंग म्हणजे खळ.
ताण्याला पाजायची, म्हणजे मागावर सूत तुटत नाही.
तिचा आंबूस वास सुटीच्या दिवशीही
त्यांच्या नखांना असायचा म्हणे.
मी म्हटलं, आमच्याकडे छाती. अडतीस, चाळीस, बेचाळीस.
"म्हणजे खळ नाहीच?"
त्यांना खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या सत्रात सांगितलं, घरातलं कुणीतरी मोजा.
बाबा परदेशीपुऱ्याच्या आमच्या खोलीत
दाराजवळ उभे राहिले, हात ताठ, हजेरीला उभे राहावं तसे.
मान पंधरा. छाती छत्तीस,
वर चार इंच सैल: श्वासासाठी,
बसचा दांडा धरायला हात वर जावा म्हणून.
खांद्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत:
डावा चोपन्न.
उजवा पावणेत्रेपन्न.

टेप पुन्हा लावली.
पावणेत्रेपन्न.

"मिल बंद झाली, मग सिलिंडर," ते म्हणाले,
"अकरा वर्षं. याच खांद्यावर.
डाव्या हातानं कठडा धरावा लागतो ना."
आणि लगेच,
"चालेल का तुला असलं माप?"

त्यांच्या प्रत्येक शर्टाला
गळ्यापासून बगलेकडे एक तिरकी सुरकुती आहे.
आई ती दाबून दाबून घालवायला बघायची.
इतकी वर्षं आम्ही इस्त्रीला बोल लावला.

मग पाठ अख्खी काढली.
कागद पुरेना, जोड चिकटवला.
पुढचा डावा, कापा एक.
पुढचा उजवा, कापा एक.
दोन मुंढे, दोघांच्या खाचा वेगळ्या,
बाह्या एकमेकींत बदलल्या तर बसणार नाहीत अशा.

परीक्षक एक्सपोर्टवाले होते.
कागद उजेडाला धरून म्हणाले,
यातली चुकीची बाजू कुठली?
मी म्हटलं, सर, दोन्ही मोजल्यात.
बरं, मग हे ग्रेड कसं करणार? चाळीसला? चव्वेचाळीसला?
त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं,
बी होता की बी प्लस,
उलटं नीट कळलं नाही.

मांजरपाटाचा तो ट्रायल शर्ट
उसवायला घरी आणला.
बाबांनी घालून बघितला. हात वर केले, खाली केले.
काढा आता, मी म्हटलं, उसवायचाय.
"संध्याकाळी उसव."
आणि चपला घालून निघालेसुद्धा,
छातीवर पेन्सिलचा उभा बाण,
पाठीवर माझ्या अक्षरात: पाठ, अख्खी, कापा एक.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हाक मारली,
"भिया, ये क्या पहन लिया?"

"सायझिंग है," बाबा म्हणाले,
आणि मानेमागे हात नेऊन
कॉलर सारखी केली,
जी मी अजून लावलीच नव्हती.